पदवी की पदविका

६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून तू आधी हसशील, मग चिडशील, म्हणून एका दमात सांगून टाकते. मला नर्सिंग शिकायचंय. हो, चाळिशीत.

गेल्या महिन्यात पार्लरमध्ये एक बाई केस धुवायला मान मागे टाकून बसल्या होत्या. बोलता बोलता त्यांची जीभ जड झाली, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. माझे हात फेसाने भरलेले. मी नुसती त्यांचं डोकं धरून उभी राहिले. रुग्णवाहिकेतून आलेल्या नर्सने त्यांना कुशीवर वळवलं आणि हे नेमकं कधी सुरू झालं असं मला विचारलं. मला सांगता येईना. बाई वाचल्या, पण उजवा हात गेला. तेव्हापासून कात्री उचलली की आधी समोरच्या बाईचं तोंड निरखते.

दोन वाटा आहेत. तीन वर्षांची पदविका, नाहीतर चार वर्षांची पदवी. ह्यांचं म्हणणं, करायचंच तर लवकर आटपेल ते कर. लेकीला चिंता वेगळीच, की वर्गातल्या मुली तिच्या वयाच्या असतील आणि मी त्यांना जेवलात का म्हणून विचारत बसेन. तू इतकी वर्षं वॉर्डात काढलीस, तूच सांग. मला भीती वाटते, एवढं मात्र मी घरात बोललेले नाही.

लोभ आहेच, या खेपेला रागही चालेल.
तुझी,
चिमी

१४ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

हसले नाही. चिडले, तेही भीतीपोटी. गुडघा खरचटला तरी डोळे गच्च मिटून घेणारी तू. तुला नर्स दिसते ती वेळेवर धावून येणारी. मला औषधाच्या दोन सारख्या दिसणाऱ्या बाटल्या दिसतात. घाईत चुकीची उचलली, तर माणूस हातचा जातो. घरी भाजी चिरतानाही मी मनात मात्रा तपासत असते.

विचारलंस म्हणून सांगते. पदविकेवर काम लवकर मिळेल. पण पन्नाशीनंतर रुग्णांना उचलून उचलून कंबर बोलायला लागते. तेव्हा शिकवायची किंवा वॉर्डाची व्यवस्था बघायची जागा हवी असेल, तर पदवी लागते. म्हणून वर्ष जास्त गेलं तरी पदवीच घे. मात्र त्याआधी एक दिवस वॉर्डात उभी राहून ये. मग ठरव.

मेहुण्यांना नमस्कार, लेकीला पापा, तुला काळजी.
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

जाऊन आले. हे माझ्याच्याने होणार नाही.

कॉलेजने आम्हा इच्छुकांना वॉर्ड दाखवला. दाराजवळच्या खाटेवरच्या आजोबांनी पाणी मागितलं. ओठ सुकलेले, डोळे माझ्यावर लावलेले. मी पेला त्यांच्या तोंडाशी नेला आणि सिस्टरांनी माझं मनगट धरलं. आजोबांना गिळता येत नव्हतं, पाणी फुफ्फुसात गेलं असतं. हे सिस्टरांनी शांतपणे सांगितलं, रागावल्यासुद्धा नाहीत.  ताई, मी त्यांना मायेनेच मारलं असतं.

मग कितीतरी वेळ खाली सायकलींच्या स्टँडपाशी बसून होते. घरी सांगितलं, विशेष काही नव्हतं. अर्जाची मुदत महिनाअखेर संपते. संपू दे.

समजून घे.
चिमी

९ एप्रिल

चि. चिमीस,
आशीर्वाद.

तुला सांगणार नव्हते. मागच्या आठवड्यात एका रुग्णाला टोचलेली सुई माझ्या बोटात गेली. संसर्ग झाला का, त्याची पहिली तपासणी ठीक आली, पण काही महिने पुन्हा पुन्हा करावी लागणार. महिनाभर औषधं. ह्यांना अजून बोलले नाही. रोज हातमोजे चढवताना तेच बोट आधी नजरेत येतं. तरी चढवते, कारण पलीकडे कुणीतरी वाट बघत असतं.

म्हणजे इतक्या वर्षांत माझीही भीती गेलेली नाही. तुझं मनगट धरलं, तसं माझंही कुणी कुणी धरलंय. शिकणं म्हणजे बरंचसं तेच असतं. तू जा, असं मी म्हणत नाही. नको म्हणायलाही जीभ रेटत नाही. सुईचं हे मी इथे एकालाही सांगू शकले नाही आणि तुला लिहायला बसले, एवढंच लक्षात घे.

उत्तर लवकर लिही, जीव टांगणीला आहे.
ताई

२० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शेवटची तपासणीही चांगली आली हे वाचलं आणि जिन्यातच बसले. शेजारीण घाबरून पाणी घेऊन आली. भावजींनी तुला ओरडून घेतलं, बरं झालं. मीही ओरडणार आहे, भेटल्यावर.

मला विचारतेस, तुझं ते सुईचं पत्र वाचून पदवीचा अर्ज भरला, त्याचा पस्तावा होतो का. रोज सकाळी होतो. वर्गातल्या मुली एकदा वाचून जे लक्षात ठेवतात, ते मला चारदा वाचावं लागतं. मला काकू म्हणतात आणि परीक्षेआधी माझ्याशेजारी बसून रडतात. मी धीर देते, मग न्हाणीघरात जाऊन स्वतः रडते.

काल पहिलं इंजेक्शन दिलं. लेबल वाचलं, पुन्हा वाचलं, शिकवणाऱ्या बाईंना दाखवलं. खाटेवरच्या गृहस्थांनी माझे पांढरे केस बघून सुटकेचा श्वास सोडला. अनुभवी कुणी आलं असं त्यांना वाटलं असावं. मला खोटं बोलवेना. मी म्हटलं, माझी ही पहिलीच वेळ आहे, बाई शेजारी उभ्या आहेत, नको असेल तर त्या देतील.

ते म्हणाले, मलाही सुईची फार भीती वाटते. मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि बाही वर केली.

असाच जीव लावत राहा.
तुझी,
चिमी