फवाऱ्यासाठी निवलेला भात

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. एरवी मी हा पत्रात लिहायचा म्हणून लिहितो, या वेळी खरोखर वाकून केला आहे (पेनाचं टोपण टेबलाखाली गेलं होतं, तेही त्याच वाकण्यात मिळालं). तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करतेस, की भाऊजींना करायला लावून नुसती बघत बसतेस? भाऊजींचा खोकला कमी झाला का? इकडे सगळे खुशाल आहेत. आज आहेत. मागच्या पंधरवड्यात नव्हते आणि त्याबद्दलच लिहायला बसलो आहे. फोन करता आला असता, पण फोनवर तू मध्येच "मग?" असं विचारतेस, आणि त्या "मग?"ची मला लहानपणापासून धास्ती आहे. पत्राला मध्ये तोडता येत नाही, म्हणून पत्र.

बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला काय झालं ते तुला कळलंच आहे. म्हणजे तुला असं कळलं आहे की, मावशीने केलेलं दुधाचं गोड बिघडलं होतं, ते खाऊन संध्याकाळी अख्खं घर आडवं झालं, आणि बरं झालं मी तिथे होतो, म्हणून कारण लगेच सापडलं. ताई, यातलं आडवं होणं खरं आहे. बाकीचं माझं. हे एवढं लिहायला बरेच कागद फाडून झाले आहेत, तेव्हा आता थोडं पाल्हाळ लावलं तर चालवून घे. पाल्हाळात माणसाला जरा लपता येतं.

आमच्या कारखान्यात थंड खायचे तयार पदार्थ बनतात, हे तुला माहीत आहे. चीज, कापलेल्या भाज्या, पाकिटातलं सॅलड. पूर्वी अन्नातले जंतू मारायचे म्हणजे अन्न उकळा, खारवा नाहीतर गोठवा. आता नवीन पद्धती निघाल्या आहेत. आमच्याकडे एका खोलीत फळांचा रस बाटलीसकट पाण्याच्या प्रचंड दाबाखाली ठेवतात, रस ताजाच राहतो आणि जंतूंचा चेंदामेंदा होतो. शेजारच्या खोलीत जांभळा उजेड आहे, तिथे काळा चष्मा घातल्याशिवाय आत सोडत नाहीत (मी आरशात पाहिलं आहे, तो मला शोभतो). आणि तिसऱ्या खोलीत, पांढरे गमबूट, डोक्याला जाळी आणि दाढीलाही जाळी अशा थाटात, मी आणि माझा फवारा.

या फवाऱ्यात विषाणू असतात. दचकू नकोस, हे माणसाच्या वाटेला जात नाहीत. हे जिवाणूंना खातात. जिवाणूला चिकटतात, आत शिरतात, तिथेच आपली पिल्लावळ वाढवतात आणि शेवटी घर फोडून बाहेर पडतात (आतोबा आपल्याकडे दोन दिवसांसाठी म्हणून राहायला आले होते, ते आठव). पण खाण्याच्या बाबतीत भलतेच चोखंदळ. ज्या जातीचा जिवाणू आवडतो तेवढाच खातील, शेजारी दुसरा बसला असेल तर त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत. शिवाय त्यांना उष्णता सोसत नाही. गरम अन्नावर फवारले की बिचारे स्वतःच मरतात. म्हणून त्या दिवसासाठी बाटली घरी न्यायची परवानगी देताना आमच्या विभागाच्या बाईंनी बजावलं होतं की, हे फक्त थंड पदार्थांवर मारायचं. त्यांच्या मनात सॅलड आणि चीज होतं. माझ्या मनात वेगळंच गणित सुरू झालं: फवारा थंड पदार्थांवरच चालतो, मला फवारा सगळ्यावर मारायचा आहे, तर मग सगळे पदार्थ थंड केले पाहिजेत.

ताई, हे गणित मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. दर वेळी उत्तर मी गाढव असंच येतं.

मावशीचा नियम तुला ठाऊक आहे. माणसं टेबलावर बसल्याशिवाय भाताखालचा गॅस बंद करायचा नाही. आई गेल्यापासून बाबांच्या घरातलं प्रत्येक मोठं जेवण तिने असंच वाढलं आहे, वाफेसकट, पदराने चष्मा पुसत. त्या दिवशी मी सकाळीच तिच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, भात आत्ताच करून ठेव, निवू दे. तिला पटलं नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं. पण ती एवढंच म्हणाली, "तू म्हणतोस तर तसं. तुझं शिक्षणच त्यातलं." आणि शेजारच्या बाईंना कौतुकाने म्हणाली, "आमचा साबण आता मोठा शास्त्रज्ञ झालाय हो." (सारखे हात धुतो म्हणून तू लहानपणी ठेवलेलं नाव अजून पुसलेलं नाही, हे तुझ्या माहितीसाठी.) तिने विरोध केला असता तर मी वाद घातला असता आणि वादात दुपार होऊन भात गरमच राहिला असता. तिने माझा अभिमान बाळगला आणि सगळं बिघडलं.

झालं. भाताचं ते सर्वांत मोठं पातेलं, वर घट्ट झाकण (धूळ जाऊ नये म्हणून, ही सूचनाही माझीच), खिडकीच्या कट्ट्यावर, छान उन्हात सकाळभर बसून राहिलं. बाहेरून निवलं, आत कोमट. जेवायच्या आधी मी सगळ्यांना गोळा केलं, हातात बाटली घेऊन छोटंसं भाषण केलं (बायको म्हणते, छोटंसं नव्हतं) आणि भात, भाज्या, कोशिंबीर, सगळ्यावर फवारा मारला. आतोबांनी आपलं ताटही पुढे केलं. बाबा नवा शर्ट घालून टाळ्या वाजवत होते. फक्त गोडाच्या पातेल्यावर मावशीने दोन्ही हात आडवे धरले. "यावर नाही हं. तुझ्या आईच्या हातचं आहे हे, तिने शिकवलेलं. याला तुझं औषध नको." मी तत्त्वाबद्दल काहीतरी पुटपुटलो आणि पुढच्या पदार्थाकडे वळलो.

संध्याकाळचं वर्णन करत नाही. घरात दोनच न्हाणीघरं आहेत, एवढं सांगितलं तरी तुला चित्र दिसेल. आतोबांनी (तीनदा भात घेतला होता) बादली कडेवर घेतलेली होती आणि ती ते कोणाला देत नव्हते. बाबांना मात्र दवाखान्यात न्यावं लागलं. सलाईन लावलेल्या हाताकडे बघत ते मला विचारत होते, "तू बरा आहेस ना?" त्या नव्या शर्टाची बाही डॉक्टरांनी कोपरापर्यंत गुंडाळली होती. ते मला अजून डोळ्यांसमोरून हलवता येत नाही.

दवाखान्यातून परत आलो तेव्हा हॉलमध्ये जे जे उठून बसू शकत होते ते बसले होते, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तज्ज्ञ म्हणून. मी दाराची चौकट धरून उभा होतो, आणि माझ्या तोंडून निघालं, "फवारा न मारलेला पदार्थ एकच होता." नाव मी घेतलंच नाही. घ्यायची गरज पडली नाही. सगळ्या माना मावशीकडे वळल्या. कोणीतरी म्हणालं, पण मावशीने तर गोड खाल्लं आणि तिला काहीच झालेलं नाही. (तिला भात उरलाच नव्हता, ती गोडावरच उठली होती.) त्यावर मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, काही माणसांची प्रकृती मुळातच दणकट असते. आणि मीही आजारी पडलो आहे आणि एक चमचा गोड मीही घेतलं होतं, असंही मी सगळ्यांना सांगितलं. मावशी उठली. उरलेलं गोड तिने मोरीत ओतलं आणि पातेलं घासत बसली. पुष्कळ वेळ घासत बसली.

फवारलेला भात आणि न फवारलेलं गोड, दोन्हींचे नमुने तेवढे मी तपासणीसाठी जेवणाआधीच काढून ठेवले होते. ते प्रयोगशाळेत नेले, मावशीविरुद्धचा पुरावा हाती येईल या खात्रीने. गोड अगदी स्वच्छ निघालं. भात मात्र गजबजलेला होता. तांदळातच असतो तो एक जिवाणू, उकळलं तरी त्याची बीजं मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला की ती जागी होतात, वाढतात, विष सोडतात. माझ्या विषाणूंचं ते खाणंच नव्हतं, त्यामुळे त्यांनी त्याला तोंडही लावलं नव्हतं. ताई, ही माहिती नवीन नाही. कामावर नव्याने लागलेल्यांना हे मीच शिकवतो. "शिजलेला भात कोमट ठेवू नका" असा माझा एक तक्ता आहे, त्यावर रडणाऱ्या पातेल्याचं चित्र मीच काढलं आहे. भर म्हणजे, ज्या जिवाणूसाठी फवारा केला तो कुठल्याच नमुन्यात सापडला नाही म्हणून विभागाच्या बाईंनी माझं अभिनंदन केलं. मी मूग गिळून ते घेतलं. चहाही घेतला.

त्या संध्याकाळपासून मावशीने स्वयंपाक सोडला आहे. म्हणजे स्वतःपुरतं काहीतरी करते, पण मोठी पातेली माळ्यावर गेली. परवा बाबांना भेटायला गेलो तर ती पुड्यातली बिस्किटं बशीत मांडत होती, आधी पुड्यावरची तारीख वाचून, मग वास घेऊन. आणि मला रोज फोन करते. "हे दूध सकाळचं आहे रे, चालेल का?" "ही भाजी कालची आहे, टाकून देऊ का?" ती मला विचारते, ताई. मला! आणि मी घसा खाकरून सल्ला देतो.

मला लाज वाटते. याहून चांगला शब्द शोधत होतो, सापडला नाही.

बाकी इकडचं विशेष असं काही नाही. भाऊजींना नमस्कार, आणि खोकल्यासाठी कोणी काही नवीन उपाय सुचवला तर करू नका, विशेषतः मी सुचवला तर.

तुझा,
साबण

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलं. तू मावशीला फोन करून एवढं सांगशील का की, तपासणीत काहीतरी घोटाळा झाला होता, तिच्या गोडाचा काही दोष नव्हता? घोटाळा कोणाचा ते विचारलं तर यंत्राचा म्हण. तुझं ती ऐकते.

ता. क. पुन्हा : हे पत्र बायकोने वाचलं. "वरचा ताजा कलम खोडून टाक आणि चप्पल घाल," एवढंच म्हणाली. खोडला नाही, मी काय लायकीचा आहे ते तुला कळू दे, पण चप्पल घातली. मावशीकडे जाऊन आलो. सगळं सांगितलं, भात, ऊन, झाकण, प्रयोगशाळा. ती ओट्यापाशी उभी होती, ती खाली बसली. मग म्हणाली, "म्हणजे गोड चांगलं होतं?" मी म्हटलं, हो, एकही जिवाणू नव्हता. तर म्हणाली, "ते नाही रे विचारत. चवीला कसं झालं होतं? त्या गडबडीत कोणी सांगितलंच नाही." मी म्हटलं, छान झालं होतं. तिने डोळे पुसले आणि मला माळ्यावर चढवून पातेली खाली काढायला लावली. येत्या रविवारी सगळ्यांना परत जेवायला बोलावलं आहे, आतोबांनाही. भात गरम. आणि पहिला घास घ्यायच्या आधी मी उभं राहून जे झालं ते सगळ्यांना सांगायचं, ही तिची अट.

ता. क. शेवटचा : मला ते तोंडाने जमणार नाही. भाषण करायची माझी हौस त्या दिवशीच फिटली. म्हणून हे पत्र कुरिअरने पाठवतो आहे, शनिवारपर्यंत मिळेल. गुडघ्यामुळे तुला येता येणार नाही, तेव्हा रविवारी तू फोनवरून हे मोठ्याने वाचून दाखव. फोन मी टेबलावर गोडाच्या पातेल्याला टेकवून उभा करीन आणि स्वतः शेजारी उभा राहीन. कंसातला मजकूर गाळ, आतोबा समोरच असतील. फक्त हा शेवटचा कंस गाळू नकोस.

(मावशी, एक चमचा घेतला होता, हे मी खोटं सांगितलं. छान झालं होतं, हेही खोटंच सांगितलं. फवारलेलं नाही म्हणून आईच्या त्या गोडाला मी त्या दिवशी तोंडसुद्धा लावलं नव्हतं. आज पहिली वाटी मला वाढ.)