लीनाचं आडनाव

ग्रॅहमस्टाउन, जून १९५७

प्रिय आई,

मी मजेत आहे. यंदा जूनची थंडी कडक आहे, पण सासूबाईंनी त्यांची लोकरीची शाल मला दिलीय. भूकही आता दोघांची लागते. बाबांचा गुडघा कसा आहे?

एक गोष्ट सांगते. बाबांना वाचून दाखवायची की नाही, ते तू ठरव. रविवारी काळ्यांच्या वस्तीतल्या शाळेचे हेडमास्तर न्त्लोको आणि त्यांच्या पत्नी इथे जेवायला आले होते. आम्हा गोऱ्यांच्याच टेबलाशी बसले. बाबा असते तर खुर्ची मागे सारून उठलेच असते. मीही ताटातलं नुसतं चिवडत होते. सासूबाई मात्र रोजचंच असल्यासारख्या सगळ्यांना बटाटे वाढत होत्या.

सासूबाईंनी आपल्या शेताचा विषय काढला, तेव्हा न्त्लोकोबाईंनी मला विचारलं, "एवढ्या मोठ्या शेतावर तू एकटी पोर! तुला सांभाळलं कुणी गं?"

"आमच्या मोलकरणीने, लीनाने. तिच्या पाठीवरच वाढले मी."

"नुसती लीना? आडनाव काय तिचं?"

मला ते माहीतच नव्हतं. कान तापले. बाई रागावल्या नाहीत. "विचारून ठेव हो," एवढंच म्हणाल्या आणि माझ्या ताटात भोपळा वाढला. मी तो खाल्ला. नंतर आम्ही खूप हसलो, आई. मला या घरात बरं वाटतं.

डिसेंबरात बाळाच्या बाप्तिस्म्याला ती दोघंही असतील. बाबांना हे आधीच सांग. ते दारातून परत फिरले, तर मला सोसणार नाही.

आणि आत्ता स्वयंपाकघरात जाऊन लीनाला तिचं आडनाव विचार. तुलाही ते माहीत नसेल, तर लाजू नकोस.

तुझी वाट पाहणारी,
हेस्टर