मोडलेला करेम

आई, तुझ्याशी गोड बोलायला मी हे लिहीत नाही. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तुझा आवाजही नीट आठवत नाही, पण तुझी खोड आठवते. गणपतीच्या आधी आपल्या घरी मांसमच्छी बंद व्हायची. त्याला आपण या बेटावरचे मराठी करेम म्हणतो. त्या दिवसांत कुणी चुकून मासळीचा तुकडा तोंडात घातला, की तू त्याला चारचौघांत सुनवायचीस, तुझा करेम मोडला, मागचे सगळे दिवस फुकट गेले. हे सांगताना तुला आनंद व्हायचा. हो, आनंदच. मी तो तुझ्या तोंडावर बघितलाय.

अजून डोळ्यांपुढे येतं, मोकाजवळच्या कँपात, उसाच्या मळ्यावरच्या त्या मजूरवस्तीत, घरामागे आपली गाय बांधलेली आहे. तू धार काढतेस आणि वासराला धरून ठेवायचं काम माझं. पान्हा सुटेपर्यंत त्याला दोन घोट पिऊ द्यायचे, मग कानाला धरून ओढायचं. ते माझ्या पोटात डोकं खुपसतं, माझी बोटं चोखतं, आणि पलीकडे बादलीत धार वाजत राहते. एक दिवस मी चहातलं दूध बंद केलं. मटण आधीच सुटलं होतं. मासे हळूहळू सुटत होते. दही सुटत नव्हतं, आणि तूप सोडायचा तर विचारही मनात नव्हता. मला त्याची लाज वाटत नव्हती. तुला मात्र ते बघवेना. "एक तर सगळं सोड, नाय तर गप खा. हे अर्धं अर्धं काय गो? तो फोल?" वेड लागलंय का, हे तू नेहमी क्रेओलमध्येच विचारायचीस. मी दही घेतलं की हसायचीस, नाही घेतलं तरी हसायचीस.

त्या वर्षी गणपतीच्या दिवशी शेजारच्या बायका मोदक वळायला आल्या. नैवेद्याचे मोदक यंदा तू वळ, असं तूच मला सांगितलं होतंस. मी आंघोळ करून, केस बांधून बसले. पहिली पारी हातात घेतली तोच तू म्हणालीस, "तू उठ. तुझा तो दुधाचा करेम मोडलाय. मोडक्या करेमाचे हात नैवेद्याला नको."

"कसा मोडला? मी दुधाला शिवले पण नाय."

"एवढे दिवस तुझ्या फरात्याची कणीक मी दुधात मळतेय. हिला कळलं पण नाय!"

बायका हसल्या. एक म्हणाली, "गेत ली, बघा हिला, तोंड बघा हिचं." तू दुधाचा पेला माझ्यापुढे ठेवलास. "आता काय राहिलंय राखायला? पी."

मी ते दूध प्यावं असं तुला वाटत नव्हतंच. पोरीला शब्द पाळता येत नाही, हे तुला माझ्याच तोंडून सगळ्यांसमोर वदवून घ्यायचं होतं. मी एवढंच म्हटलं, "कालपर्यंत तू पाजलंस. आज नाय पीत." आणि उठून पायरीवर जाऊन बसले. आरती झाली, पानं वाढली, मला कुणी बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी कणीक पाण्यात मळली. फराते वातड झाले. लग्न होईपर्यंत ते वातडच होत राहिले, पण तुझ्या हातचा पुन्हा खाल्ला नाही.

पुढे व्हाकोआला संसार थाटला. मासे पुरते सुटले, दही दुसऱ्या बाळंतपणानंतर सुटलं, तूप त्याहून कितीतरी उशिरा. मधे लग्नकार्यात खाल्लं, आजारपणात प्यायले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा चहा. नात म्हणते, आजी, तू वीगन आहेस. शब्द काही का असेना. तुझ्या हिशेबाने मी जन्मभर मोडतच आले. माझ्या हिशेबाने ज्या दिवशी प्यायले नाही त्या दिवशी प्यायले नाही, आणि ते तू माझ्याकडून काढून घेऊ शकत नाहीस. लोक म्हणतात, मेलेल्या माणसावर राग धरू नये. मी धरते.

हे मी कुठे पाठवणार नाही. तू असतीस तरी पाठवलं नसतं, तू ते चारचौघांत कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घेतलं असतंस. एक मात्र सांगते. परवा नातीच्या वाढदिवसाला लोण्याचा केक होता. खावासा वाटला, म्हणून घेतला. कुणी काही बोललं नाही, या घरात कुणी बोलणारही नाही. तरी मी बशी घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि दाराकडे पाठ करून खाल्ला.