उंदरिणीचं पुढे काय होतं

मंगळवार, संध्याकाळ

गोडादऱ्याला भाचीकडे, स्वातीकडे जाऊन आले. बाळ भुकेने रडत होतं. तिची सासू माझ्यादेखत म्हणाली, "इले दूधच नही. काय कामनी!"

मला राहवलं नाही. म्हटलं, आमच्या लॅबमध्ये जनुक बदललेल्या उंदरिणी आहेत. स्तनांची वाढ करणारा एक घटक त्यांच्यात काम करत नाही, त्यामुळे दूधवाहिन्यांना फाटेच फुटत नाहीत. पिल्लं चोखत राहतात, दूध येत नाही. यात आईचा काय दोष?

उंदरीणच का आठवली मला? बाळंतिणीला उंदराच्या पंक्तीला बसवलं. शिवाय स्वातीचं कारण वेगळंही असेल.

सासू आत निघून गेली. स्वातीने विचारलं, "मावशी, मग त्या उंदरिणीचं काय करता तुम्ही?"

"काही नाही गं. पिंजऱ्यात असते, खाते-पिते."

"मजा आहे तिची. सासू तर नाही!" आणि हसली. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच हसताना पाहिलं तिला.

खरं सांगायचं तर आम्ही त्या उंदरिणीला मारतो आणि स्तन कापून काचपट्टीवर बघतो. ते हसू मोडायला नको म्हणून बोलले नाही, की माझीच मला लाज वाटली?

स्वाती दारापर्यंत आली. म्हणाली, "मावशी, सांभाळा हं तिला."

मी "हो" म्हणाले. कशी म्हणाले? उद्या सकाळी तिचाच नंबर आहे, आणि सुरी माझ्या हातात असेल.