सुभेदार अप्पांना विचारायचा प्रश्न

४ जून
प्रशिक्षणाचा दुसरा दिवस. सरकारी दवाखान्यांतले आठ तरुण डॉक्टर. म्हाताऱ्या माजी सैनिकांचं मन कसं तपासायचं, ते मी शिकवते. सरावाला अळणावरकडचे निवृत्त सुभेदार अप्पा आले. वय ७८. दिवाळीत बायको गेली. आठांतल्या डॉ. श्रुतीनं भराभर विचारलं. झोप? भूक? सगळ्याला "ठीक आहे." फॉर्मवर 'धोका नाही'. खाली माझी सही.
अप्पा दाढी न करता आले होते. फौजी माणूस! हे मला मळमड्डीत घरी पोचल्यावर लक्षात आलं.

५ जून
अप्पांना परवा परत बोलावलंय. वर्गात म्हटलं, मरणाचं सरळ विचारायचं. श्रुतीच्या तोंडून शब्द फुटेना. "मॅडम, माझ्या अज्जासारखे, आजोबांसारखे आहेत. कसं विचारू?" मी चिडले तिच्यावर. सगळ्यांसमोर. उगाच.
माझे वडील शेवटच्या वर्षी भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी मनाची डॉक्टर. मी तरी कुठे विचारलं...

७ जून
श्रुतीनं कानडीत सुरुवात केली, "ऊटा आतेनरी, अज्जा?" जेवलो म्हणाले, किंचित हसले. मग तिनं विचारलंच. "जगू नये असं वाटतं?"
अप्पा म्हणाले, "बंदूक आहे, परवान्याची. रानडुकरांसाठी. रविवारी भरून ठेवली. डुकरांसाठी नाही."
श्रुतीचं पेन थांबलं. पण ती उठली नाही. "सांगा अज्जा." अप्पांनी सांगितलं, बर्फातली चौकी, तिथेच कायमचे राहिलेले दोन जोडीदार. एकट्या बायकोला ठाऊक होतं. आता कुणालाच नाही.
अप्पा दवाखान्यात राहायला तयार होईनात. मुलाला बोलावलं. बंदूक संध्याकाळच्या आत पोलीस ठाण्यात जमा. मुलगा म्हणाला, क्षणभर एकटं सोडत नाही.

१० जून
अप्पा तपासणीला आले नाहीत. मुलगा फोनवर, "म्हणतात, त्या पोरीला मनातलं सांगितलं, तिनं माझं हत्यार काढून घेतलं." श्रुती जेवली नाही. बरोबरच केलंस, म्हटलं. खरंच आहे ते. तरी पोकळ वाटलं.

१२ जून
श्रुती सकाळच्या बसनं त्यांच्या गावी गेली. दुपारी फोन.
"मॅडम, पाठ फिरवून बसलेत. बोलत नाहीत."
"जा म्हणाले?"
"नाही."
"मग बस तिथेच."
पाच वाजले. अजून फोन नाही. म्हणजे बसली असेल तिथेच.