शून्य टक्क्यांची वाट

२५ जुलै २०२५, शुक्रवार, संध्याकाळी ६.१०
ब्रिटनबरोबरच्या मुक्त व्यापार करारावर काल सह्या झाल्या. ऑफिसात दिवसभर चर्चा एकच, स्कॉच किती स्वस्त होणार. केंद्र सरकारचे नोकर, आणि करार एकानेही वाचलेला नाही. मी वाचणार, परिशिष्टांसकट. अर्थशास्त्र मला कुणी शिकवलं नाही, त्यामुळे माझं चांगलं शाबूत आहे.

२७ जुलै, रविवार
अलकनंदाच्या भावाचं नशीब उघडलं. सुजय गाझियाबादला पितळी घंटा ओततो. मँचेस्टरच्या एका दुकानाने नाताळसाठी बाराशे मागितल्यात, त्याची पहिलीच परदेशी ऑर्डर. परिशिष्टातल्या दरांच्या तक्त्यात घंटांची ओळ शोधून काढली: क्रमांक ८३०६, करारानंतर ब्रिटनमध्ये ड्युटी शून्य. प्रिंट काढला. तक्ता A4 वर मावेना, म्हणून एक रकाना काढून टाकला. कामाचं तेवढंच ठेवावं. शून्याखाली पट्टी धरून लाल रेघ मारली.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी
सुजय आला. ‘मेरी ख्रिसमस’ कोरलेली एक घंटा घेऊन आला. म्हणाला, भावोजी, माल तयार आहे, महिनाअखेरच्या बोटीने काढून टाकतो. मी म्हटलं, यार सुजय, नुसत्या सह्यांनी करार लागू होत नाही. लागू होईपर्यंत थांब, गिऱ्हाइकाची ड्युटी वाचेल, पुढच्या वर्षी तो दुप्पट मागेल. म्हणाला, ऑर्डर हातची गेली तर हरिदासला घरी बसवावं लागेल. (हरिदास म्हणजे त्याचा पॉलिशवाला, बावीस वर्षं तिथेच आहे.) लागू कधी होणार, विचारलं. १ सप्टेंबर, मी सांगितलं. सरकार आतून कसं चालतं ते मला ठाऊक आहे.
अलकनंदा ओवाळता ओवाळता म्हणाली, यांच्या सेक्शनच्या कूलरला एप्रिलपासून मंजुरी मिळालेली नाही.
विषय काय, बोलते काय.

१४ ऑगस्ट, गुरुवार
सुजयने मँचेस्टरला कळवलं होतं: थोडं थांबा, तुमची ड्युटी वाचेल. उत्तर आलं, दोन शब्दांचं. ‘कसली ड्युटी?’
यांनी म्हणे जगभर व्यापार केला. स्वतःच्या देशाचा कस्टमचा तक्ता उघडून बघितलेला नाही. साडेतीन पानी खुलासा लिहून दिला, कलमांच्या क्रमांकांसह. सुजय म्हणाला, एवढं लांब पाठवू? बिल्कुल, म्हटलं.

३० ऑगस्ट, शनिवार
बोट काल गेली. सुजयच्या दोन गल्ल्या पलीकडे तो गौरव आहे, त्याने आपल्या घंटा तिच्यावर चढवल्या. करार नाही, अभ्यास नाही, पेटी भरली की पाठवली. असल्यांना मी व्यापारी म्हणत नाही, हमाल म्हणतो.

४ सप्टेंबर, गुरुवार
लागू नाही. गणपतीच्या सुट्ट्यांमुळे असेल. अलकनंदा म्हणाली, अहो, लंडनला गणपती बसत नाहीत. सुधारित तारीख: १५ सप्टेंबर.

१६ सप्टेंबर, मंगळवार
लागू नाही. मँचेस्टरने कळवलं की घंटा दुसरीकडून घेतल्या. खुलाशाबद्दल चकार शब्द नाही. वाचनाची सवय गेली की राष्ट्रं अशी खाली येतात.

७ ऑक्टोबर, मंगळवार
सुजयने हरिदासला घरी बसवलं. संक्रमणकाळात अशी झळ बसतेच, कुठल्याही अभ्यासकाला विचारा. सुजयला हे फोनवर नीट समजावलं. मध्येच त्याच्याकडे रेंज गेली.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज
सुजय आला. घंटांचं एक खोकं कोपऱ्यात ठेवलं. जेवताना म्हणाला, गौरवचा माल पोचला, ड्युटी शून्य लागली. मी म्हटलं, अशक्य. करार अजून लागूच नाही. कुणाला तरी खिशात घातलं असेल. त्याला दाखवायला कॉम्प्युटरवर मूळ तक्ता उघडला, पूर्ण रुंदीचा.
मी काढून टाकलेल्या रकान्याचं शीर्षक होतं ‘सध्याचा दर’. ८३०६ पुढे शून्य. म्हणजे करार नसतानाही शून्यच.
सुजयने वाचलं. म्हणाला, हरिदास सोमवारपासून गौरवकडे जातोय.
निघताना म्हणाला, येतो गं ताई. मीही दारातच उभा होतो.

२६ ऑक्टोबर, रविवार
अलकनंदाने खोक्यातल्या घंटा आमच्या ब्लॉकमध्ये वाटल्या. दूधवाला आला की आता चारही मजल्यांवर ख्रिसमस होतो. पॉलिश उत्तम आहे, हे मान्य करायला हवं.
दोष तक्त्याचा. इतका रुंद तक्ता छापतंच कोण? युरोपशी बोलणी चालू आहेत, तो करार याहून मोठा. या वेळी A3 कागद आणलाय, एकही रकाना सोडणार नाही. सुजयला हे सांगायला फोन लावला. तीनदा उचलला नाही. चौथ्यांदा उचलला आणि म्हणाला, ताईला द्या.
दिला.