घरच्या घरी चासी सरळ

३ मार्च
लोक म्हणतात, माझं लक्ष नव्हतं. मी म्हणतो, खांब चुकीच्या जागी होता. बायकोच्या खांद्याला मार बसला, गाडीची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, वाकली. मला काही झालं नाही. काही वाटतही नाही. तेव्हापासून ही गाडीत बसत नाही. दुखरा खांदा घेऊन बसने ऑफिसला जाते. चासी सरळ झाली की बसेल. साधं गणित आहे.

५ मार्च
चासी घरीच सरळ करायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. अर्धा व्हिडिओ पाहिला. तत्त्व सोपं: एक टोक बांधा, दुसरं ओढा. सेफ्टी फर्स्ट. हेल्मेट, गॉगल, हातमोजे आणले. घालून आरशात पाहिलं. बरा दिसतो.

८ मार्च
पाठ धरली. आज आराम.

११ मार्च, सकाळी
साखळीचं एक टोक गाडीला, दुसरं पोर्चच्या खांबाला, मधे चेन-पुली. साखळी ताणली. मी वाकून नेमका तिच्या समोर. ही आतून जाड रजई घेऊन धावत आली, साखळीवर टाकली आणि कॉलर धरून मला बाजूला ओढलं. तेवढ्यात हूक सुटला. रजई फाटली. खांबाला तडा गेला. ही म्हणाली, रजई नसती तर साखळी थेट तोंडावर आली असती. उरलेला व्हिडिओ हिने पाहिला होता. मी म्हटलं, हेल्मेट होतं की.
दुखऱ्या हातानेच ओढलं होतं मला. नंतर बराच वेळ खांदा शेकत होती. वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

१४ मार्च
गाडी गॅरेजला. मिस्त्री म्हणाला, चासी एका दमात ओढत नाहीत. थोडी ओढायची, थांबायचं, मोजायचं. तापवायची तर अजिबात नाही, लोखंड कमजोर होतं. मी म्हटलं, माझाही तोच विचार होता.

२२ मार्च
चासी सरळ. मिस्त्रीने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी मापं घेऊन दाखवली. दोन्ही सारखी. ट्रायलला तो चालवायला बसला आणि ही आपणहून शेजारी जाऊन बसली. चक्क. लांब चक्कर मारून आले. उतरताना ही हसत होती. प्रश्न चासीचाच होता, मी म्हणतच होतो.
मग मी स्टिअरिंगवर बसलो, आतून हिच्यासाठी दार उघडलं. हिने ते बाहेरून नीट लावलं.
म्हणाली, "अहो, गाडीला मी कधी घाबरले?"
आणि बसस्टॉपकडे चालायला लागली.
मिस्त्री खिडकीशी आला. म्हणाला, निर्धास्त राहा, गाडीत आता कसलाही दोष नाही. ते ऐकून मला फार वाईट वाटलं.